कथा कुठे अडली आहे ते आधी शोधा

जून संपत आला की दिवाळी अंकांसाठी लिहिणाऱ्या कथालेखकांचे दोन गट पडतात. एकांची कथा संपादकाकडे पोचलेली असते आणि दुसऱ्यांची ‘जवळजवळ झालेली’ असते. ही जवळजवळ झालेली कथा बहुतेकदा सातव्या-आठव्या पानावर रुतून बसलेली असते आणि लेखक रोज पहिल्या पानावरची विशेषणं बदलत असतो. संपादक का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला वर्षातून एकदा पक्की तारीख आहे. ती तारीख लिहायला लावते आणि तीच घशाशीही येते.

अडण्याला इंग्रजीत ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणतात. एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९४७ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. नाव मिळालं, पण घोळही झाला. चार-पाच निरनिराळ्या अडचणी एकाच आजारासारख्या दिसू लागल्या. ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगून औषध मागावं तसं ‘सुचत नाहीये’ म्हणून लोक सल्ला मागतात. मग कोणी फिरायला जा म्हणतं, कोणी वाचन वाढवा म्हणतं. कथा पहिल्या ओळीआधी अडली, पहिल्या दोन पानांत अडली, मध्यात अडली की शेवटाला अडली, यावर उपाय ठरतो. अडलेली कथा बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते: लेखकाला अजून एक गोष्ट माहीत नाही, किंवा दोन पानांमागे त्याने एक चुकीचा निर्णय घेतला आहे.

पुढे सगळीकडे एकच नमुना धरू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. सुमन, वय ५२, राहायला डोंबिवलीला. माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, थोडी आंब्याची कलमं, जुनं घर. वडील सहा महिन्यांपूर्वी गेले. धाकटा भाऊ विश्वास याने हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं आहे. लांबी ३५०० शब्द.

बीज आणि विषय

‘स्त्रियांचा मालमत्तेतला हक्क’ हा विषय झाला. त्यावर लेख होईल, परिसंवाद होईल, कथा होणार नाही. ‘बहीण सही करायला येते आणि येताना भावासाठी त्याच्या आवडीच्या नानकटाया घेऊन येते’ हे बीज आहे, कारण त्यात माणूस, कृती आणि न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आहेत. अडलेल्या कथांची वही उघडून पाहिली तर निम्म्याअधिक ठिकाणी विषयच लिहिलेला सापडतो.

बीजासाठी वेगळी छोटी वही ठेवा, खिशात मावेल अशी. एका पानावर एकच नोंद, तीही तीन ओळींची: काय दिसलं किंवा ऐकू आलं, कुठे, आणि त्यात काय खटकलं. तिसरी ओळ टाळू नका. महिन्याने वही चाळताना पहिल्या दोन ओळी मेलेल्या वाटतात, तिसरी जिवंत असते.

लिहायला घेण्याआधी बीजाला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं एकेका वाक्यात लिहा. कोणाला काय हवंय? आजच का? नाही मिळालं तर काय जाईल? ‘सुमनला न्याय हवाय’ हे उत्तर बाद. न्याय हातात धरता येत नाही. ‘सुमनला माजघरातली आईची फडताळाची खोली हवीय, बाळंतपणाला आली होती ती’ हे चालेल. ‘आजच का’ला उत्तर नसेल तर लिहायला बसू नका, कारण अशी कथा हमखास मध्यात झोपते. इथे उत्तर आहे: विश्वासला कर्ज काढायचंय आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणीचं नाव लागलंय.

याच टप्प्यावर थोडी माहिती गोळा करा, पण आवरून. एका बैठकीत ४५ मिनिटं, अशा फार तर तीन बैठका. माहितीच्या नावाखाली लिहिणं पुढे ढकलण्याइतकं सोयीचं दुसरं काही नसतं.

कोरा कागद

पहिल्या ओळीआधीच अडलं असेल तर दोन शक्यता. एक, बीज कच्चं आहे. वरच्या तीन प्रश्नांकडे परत जा. दोन, पहिलं वाक्य छापण्यासारखं यावं असा हट्ट आहे. दुसरी शक्यता जास्त आढळते, आणि भरपूर वाचन असलेल्या माणसाला जास्त छळते. चांगलं वाक्य कसं असतं हे त्याला माहीत असतं आणि स्वतःचं पहिलं वाक्य तसं नाही हेही कळत असतं.

यावर उपाय अगदी साधा आहे. पाठकोरे कागद घ्या, म्हणजे एका बाजूला आधीच काहीतरी छापलेले. कोऱ्या बंदाचा दरारा त्यांना नसतो. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवा. कथा ओळखीच्या एखाद्या माणसाला सांगताय अशी लिहा: ‘अगं, काय झालं माहितीये का, ती सकाळच्या गाडीने उतरली तर हा न्यायलाच आला नव्हता.’ हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागे वाचायचं नाही. २० मिनिटांत दोन-अडीचशे शब्द होतात. त्यातले दोनशे फेकायचे असतात. उरलेल्या पन्नासांत कथेचा आवाज असतो, आणि तोच हवा होता.

सुरुवात सुरुवातीपासूनच केली पाहिजे असंही नाही. जो प्रसंग डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतोय तो आधी लिहा, भले तो कथेत चौथा असेल. जोडकाम नंतर करता येतं.

कधी कधी अडचण बोटांची असते. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक टायपिंगला हात बसला नसेल तर जोडाक्षर शोधेपर्यंत वाक्य निसटतं आणि लेखक म्हणतो, सुचत नाही. मग पहिला खर्डा हाताने लिहा किंवा आवाजी टंकलेखन वापरा. आवाजी टंकलेखनात विरामचिन्हं बऱ्याचदा गळतात आणि बोलीतले संवाद ते प्रमाण करून टाकतं, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी मजकूर दुरुस्त करा. आठवड्याने आपलंच बोललेलं ओळखू येत नाही.

पहिली दोन पानं

पाचशे ते आठशे शब्दांवर कथा थांबली तर तपासण्याच्या जागा दोनच: कथा फार आधी सुरू झाली का, आणि निवेदक चुकला का.

फार आधी सुरू झालेली कथा ओळखायची खूण म्हणजे उठणं, चहा, आन्हिकं, प्रवास आणि खिडकीतून दिसणारा पाऊस. सुमनची कथा डोंबिवलीच्या फलाटापासून सुरू केली तर दस्तनोंदणीच्या कार्यालयापर्यंत पोचेतो १२०० शब्द संपतात आणि लेखकही दमतो. लिहिलेल्या मजकुरात असं पहिलं वाक्य शोधा, ज्यात कोणीतरी दुसऱ्याकडून काहीतरी मागतंय. तिथे रेघ मारा. वरचं सगळं कापून दुसऱ्या फायलीत टाका. सहसा तिसऱ्या परिच्छेदाच्या आसपास ही रेघ येते.

निवेदकाची चाचणी अर्ध्या तासाची आहे. एकच परिच्छेद, सुमारे १०० शब्द, तीन तऱ्हांनी लिहा: सुमन ‘मी’ म्हणून, सुमनच्या खांद्याशी राहून तृतीयपुरुषी, आणि विश्वास ‘मी’ म्हणून. मराठीत प्रथमपुरुषी निवेदन पहिल्याच क्रियापदात लिंग सांगून टाकतं, ‘आले’ की ‘आलो’. त्यामुळे लपवाछपवीवर उभी असलेली कथा इथे लगेच कोसळते. काळाचंही तसंच. ‘बाबा दर शनिवारी कलमांना पाणी घालायचे’ आणि ‘बाबा दर शनिवारी कलमांना पाणी घालीत’ यांत एका पिढीचं अंतर आहे. निवेदक ५२ वर्षांची डोंबिवलीकर बाई असेल तर ‘घालीत’ तिच्या तोंडी परकं वाटेल आणि चार वाक्यांनी लेखणी आपोआप जड होईल. लेखकाला वाटतं सुचत नाही. खरं तर तो दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात लिहीत असतो.

मधला चिखल

बहुतेक कथा इथेच मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

मध्यात अडल्यावर पुढे ढकलत राहणं ही पहिली चूक. पुढच्या पानावर एखादा अपघात, फोन किंवा जुनी मैत्रीण आणून कथा चालवली की ती चालते, पण दुसऱ्याच गावाला जाते. आधी मागे या. छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन सुरुवातीपासून मोठ्याने वाचा. ज्या वाक्यानंतर स्वतःलाच कंटाळा येतो, किंवा वाचताना वेग वाढतो, तिथे आडवी रेघ. त्याआधीचं वाक्य शेवटचं खरं वाक्य. रेघेखालचं सगळं बाजूला काढा, चांगलं असलं तरी. ही रेघ सहसा अडल्याच्या जागेच्या एक-दोन पानं वर असते.

मग कारण शोधा. तीन कारणं वारंवार सापडतात.

पहिलं, एखादं पात्र बाहुलं झालेलं असतं. सुमनच्या कथेत तो विश्वास. तो फक्त लोभी आहे, त्यामुळे तो काय बोलणार हे वाचकाला आधीच कळतं आणि लेखकाला ते लिहायचा उत्साह उरत नाही. प्रत्येक मुख्य पात्राकडून १५० शब्दांचं स्वतःच्या बाजूचं निवेदन लिहून घ्या. ते कथेत जाणार नाही. विश्वास काय म्हणेल? बाबांच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांना उचलून न्हाणीघरात कोण नेत होतं? ताई मे महिन्यात चार दिवस यायची, जाताना फणसाचे गरे आणि आंब्याची पेटी घेऊन जायची. त्याचं हे म्हणणं खरं वाटलं की कथा हलते, कारण आता सुमनचंही पूर्ण बरोबर नाही. त्याच्या बायकोकडूनही १५० शब्द घ्या. घरात राहणारी आणि वाटणीत कुठेच नाव नसलेली ती तिसरी बाई, तिला सगळ्यात जास्त दिसलेलं असतं.

दुसरं कारण, संवाद ताठ झालेले असतात. नमुना पाहा:

‘‘विश्वास, हा माझ्या अधिकाराचा प्रश्न आहे. मला बाबांच्या मालमत्तेत वाटा मिळायला हवा.’’
‘‘ताई, तू लग्न करून गेलीस. आता या घराशी तुझा काय संबंध?’’

दोघंही मनातलं सगळं बोलून मोकळी झाली. आता पुढच्या चार पानांत करायचं काय? हाच प्रसंग वादाचा शब्द न उच्चारता लिहा:

‘‘कलमांना मोहर आहे का रे यंदा?’’
‘‘आहे. पण थ्रिप्स पडलाय. फवारणीलाच सहा हजार गेले.’’
‘‘मागच्या पेटीत चार आंबे नासके निघाले.’’
‘‘आमच्यापण पेटीत होते.’’

भांडण तेच आहे, पण अजून शिल्लक आहे. संवाद अडले तर निवेदन पूर्ण काढून टाका आणि नुसती बोलणी लिहा, दोन पानं, ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ न घालता. कोण बोलतंय ते बोलण्यावरूनच कळलं पाहिजे. नाही कळलं तर दोघांच्या तोंडी लेखकच बोलतोय.

इथे मराठीचं एक हत्यार हाताशी आहे ते वापरा: हाक आणि सर्वनाम. विश्वास सुमनला ‘ताई’ आणि ‘तू’ म्हणतो. त्याची बायको ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणते. आता कार्यालयात, चार माणसांसमोर, विश्वास म्हणतो, ‘‘ताई, तुम्ही इथं बसा.’’ एका ‘तुम्ही’ने जे होतं ते पानभर मनोगताने होत नाही. मध्यात अडल्यावर पात्रं एकमेकांना काय म्हणतात याची यादी करा आणि ती हाक कुठे बदलू शकेल ते पाहा. कथेचं वळण अनेकदा तिथेच सापडतं.

तिसरं कारण, आणि हे मान्य करायला लेखकांना जड जातं: प्रत्यक्षात काय होतं ते माहीतच नसतं. समजा, शेवटाकडचा प्रसंग असा योजलाय की अधिकाऱ्यासमोर सुमनचं पेन कागदावर थबकतं. चित्रपटात दिसलेलं, म्हणून सुचलेलं. आणि नेमकं तिथे अडलंय. दस्तनोंदणीच्या, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन तासभर बाकावर बसलं तर कळतं की दस्तावरच्या सह्या अनेकदा आधीच, वकिलाच्या किंवा दस्तलेखकाच्या टेबलाशी, घाईघाईत झालेल्या असतात. दस्तात बहीण ‘लिहून देणार’ आणि भाऊ ‘लिहून घेणार’ असतो. आत कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, ओळख पटवणारी दोन माणसं, आणि दस्त आपणच करून दिल्याची कबुली. म्हणजे कसोटीचा क्षण पेनाचा नाही, एका ‘हो’चा आहे. तोही संगणकाकडे बघत विचारलेल्या प्रश्नाला, मागे रांग खोळंबलेली असताना. थबकलेल्या पेनापेक्षा हे किती तरी चांगलं आहे, आणि ते घरी बसून सुचलं नसतं. तसंच कायद्याचं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. हे सुमनला माहीत आहे की नाही यावर तिची प्रत्येक ओळ बदलते. लेखकाला माहीत नसेल तर तिला माहीत आहे की नाही हेही ठरत नाही.

लिहिता लिहिता माहितीची बारीक फट दिसली तर मात्र उठू नका. ‘क्ष’ लिहा आणि पुढे चला: ‘मुद्रांक क्ष रुपयांचा’. खर्डा झाल्यावर सगळे क्ष एकाच दिवशी भरा.

कारण सापडलं तरी ‘पुढे काय’ सुटत नसेल तर दहा पर्यायांची यादी करा, एका ओळीत एक. पहिले चार सगळ्यांनाच सुचतात: ती रडते, ती सही नाकारते, भावाला पश्चात्ताप होतो, बाबांची चिठ्ठी सापडते. सातव्यापासून तुमचे स्वतःचे सुरू होतात. दहा भरल्याशिवाय निवड करायची नाही.

शेवट

शेवट सुचत नसेल तर शेवटाकडे बघू नका, पहिले ३०० शब्द वाचा. तिथे आलेल्या वस्तू, वाक्यं आणि अपेक्षा यांची यादी करा. नानकटाया आल्या होत्या. त्यांचं काय झालं? कोणी खाल्ल्या? डबा परत आला का? शेवट बहुतेकदा अशा विसरलेल्या वस्तूत असतो. सुरुवातीत काहीच सापडलं नाही तर दोष सुरुवातीचा आहे. तिथे पेरा आणि परत या.

मग १०० शब्दांचे तीन शेवट लिहा, तिन्ही वेगळ्या जागी थांबणारे: कार्यालयात, परतीच्या एसटीत, आणि पुढच्या भाऊबीजेला. लिहून झाले की निवडलेल्या शेवटाचा शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. त्याच्याशिवाय कथा पुरी वाटत असेल तर तो काढा. ‘तिला जाणवलं की…’ ने सुरू होणारं शेवटचं वाक्य हे जवळपास नेहमीच लेखकाचं समालोचन असतं.

रोजचं बसणं

प्रेरणेची वाट पाहणाऱ्यांनी अँथनी ट्रोलपचं उदाहरण लक्षात ठेवावं. हा इंग्रज कादंबरीकार पोस्ट खात्यात नोकरी करत होता. पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द या हिशेबाने लिहायचा. १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्याने हे उघड सांगितलं. त्याचा आकडा मात्र उचलू नका. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे चार-पाच होतात. इंग्रजी मार्गदर्शकांतला दिवसाला हजार शब्दांचा कोटा मराठीत बराच भारी पडतो. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला रोज ३०० शब्द पुष्कळ झाले, आणि ३५०० शब्दांची कथा त्या वेगाने १२ बैठकांत उतरते. हाताने लिहीत असाल तर फुलस्केपचं एक पान साधारण अडीचशे शब्दांचं, अक्षर बारीक असेल तर तीनशेचं.

बैठक ४५ ते ६० मिनिटांची असावी, शक्यतो ठरलेल्या वेळी. पहिली पाच मिनिटं कालचं शेवटचं पान वाचायचं, दुरुस्त करायचं नाही. पेन हातात न घेता वाचलं तर हे जमतं. पुढची ४० मिनिटं नवं लिहायचं. शेवटची काही मिनिटं ‘उद्या’ असं लिहून एक ओळ टाकायची: ‘उद्या: विश्वास ओळखदार शोधायला बाहेर जातो, सुमन आणि त्याची बायको बाकावर एकट्या.’ आणि शक्य असेल तर वाक्य अर्धवट सोडून उठायचं. पूर्ण परिच्छेद संपवून उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी परत कोरा कागद भेटतो.

दोन दिवस खाडा झाला तर तिसऱ्या दिवशी ९०० शब्दांची भरपाई करायला बसू नका. ती होत नाही आणि चौथा दिवसही जातो. ३००च लिहा.

एक इशारा. लिहायच्या काळात कथा कोणाला सांगू नका. सांगून झाली की ती सांगण्याची गरज भागते, आणि मग वही उघडावीशी वाटत नाही.

मुरत ठेवणं आणि कापणं

ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ साली सर्जनाच्या चार पायऱ्या मांडल्या: तयारी, मुरणं, उजेड पडणं, पडताळा. त्यातली दुसरी पायरी दिवाळी अंकाच्या घाईत नेहमी बळी जाते. पहिला खर्डा झाला की किमान दहा-बारा दिवस तो डोळ्यांआड ठेवा आणि त्या काळात दुसरं काहीतरी लिहा. १५ ऑगस्टला कथा द्यायची असेल तर उलटं मोजा: ८ जूनला बीज आणि माहिती, १८ जून ते ८ जुलै पहिला खर्डा (१२ बैठका, खाडे धरून), २० जुलैपर्यंत विश्रांती, ३० जुलैपर्यंत दुसरा खर्डा, पुढचा आठवडा वाचणाऱ्यांसाठी, आणि शेवटचा आठवडा पक्क्या प्रतीसाठी.

दुसरा खर्डा पहिल्यावर दुरुस्त्या करून करू नका. नवी फाइल उघडा, जुनी प्रत शेजारी ठेवा आणि पुन्हा टंकलिखित करा. आळसामुळे नको असलेला मजकूर आपोआप गळतो. ३९०० शब्दांचे ३५०० होतात, आणि गेलेल्यांतलं काहीही आठवत नाही. कापताना कुऱ्हाड कुठे चालवायची? एकाच नामाला दोन विशेषणं. ‘अचानक’, ‘जणू’, ‘नकळत’, ‘कुठेतरी’. संवादानंतर त्याचाच अर्थ सांगणारं वाक्य. आणि निसर्गवर्णन, जर ते पात्राच्या नजरेतून येत नसेल तर. विश्वासला मोहर दिसतो तो फवारणीचा खर्च म्हणून, सुमनला दिसतो तो शाळेची सुट्टी म्हणून. लेखकाला दिसणारा मोहर कथेत नको.

शुद्धलेखन अगदी शेवटी. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाशी भांडत बसणं हाही अडून राहायचाच एक सभ्य मार्ग आहे.

वाचायला दोघांना द्या, चौघांना नको. एक कथा वाचणारा आणि एक त्या जगातला. इथे एखादा दस्तलेखक किंवा कोकणात माहेर असलेली बाई. ‘कशी वाटली?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच हाती लागतं. कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, कोणतं वाक्य खोटं वाटलं आणि शेवटी काय झालं असं तुला वाटतं, हे चार प्रश्न विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा नक्की चुकली आहे. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा घेण्यासारखी नसते.

कथेचा दोष नसेल तेव्हा

वरचं सगळं करूनही महिनोन् महिने काहीच लिहिवत नसेल, आणि लिहिण्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणंही दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलं असेल, तर तो लेखनाचा प्रश्न उरत नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. घरात आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तर कथेचा कोटाच ठेवू नका. रोज वहीत तारीख आणि तीन ओळी पुरेत, त्याही हिशेबाच्या असल्या तरी चालतील.

पाठवताना

युनिकोडमध्ये टंकलिखित वर्ड फाइल पाठवा, पीडीएफ नको. संपादकाला अक्षरजुळणीसाठी मजकूर उचलावा लागतो. जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर रूपांतर करून प्रत्येक ओळ तपासा, रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. पहिल्या पानावर शीर्षक, नाव, पत्ता, दूरध्वनी आणि शब्दसंख्या. सोबतच्या पत्रात कथेचा आशय समजावून सांगू नका. एका वेळी एकाच अंकाला पाठवा. महिनाभर उत्तर आलं नाही तर दोन ओळींची विचारणा करा आणि नकार आल्यावरच दुसरीकडे द्या. ‘साभार परत’ आलेल्या कथेत त्याच आठवड्यात हात घालू नका.

आणि कापलेल्या मजकुराची फाइल पुसू नका. तिच्यात विश्वासच्या बायकोचे ते १५० शब्द आहेत. माहेरी तिची स्वतःची सही होऊन गेलीय का, हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही.